‘सेस’ या लहानशा शब्दाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेत, शासकीय सेवेत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांपुढे सार्वजनिक वित्तव्यवहार या विषयावर बोलण्याचा योग आला होता. कर, शुल्क, अधिभार, उपकर ही नेहमीची वर्गवारी फळ्यावर मांडून झाल्यावर झारखंडहून आलेल्या एका तरुण अधिकारी मुलीने विचारले, “सर, टॅक्स आणि सेस यांत फरक काय? दोन्ही एकाच खिशातून जातात.” मी पुस्तकी उत्तर दिले. कर हा सर्वसाधारण खर्चासाठी असतो; सेस म्हणजे उपकर हा एका ठरावीक कामासाठी, त्या कामाचे नाव सांगून घेतलेला असतो. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, “मग ते काम झाले की नाही, हे कोण पाहते?” मी याही प्रश्नाचे उत्तर दिले. ते नियमाला धरून होते. परंतु त्याने ना तिचे समाधान झाले, ना माझे. प्रस्तुत लेख हे त्या अपुऱ्या उत्तराचे उशिरा सुचलेले पुरवणी-पत्र आहे, असे वाचकांनी समजावे.

खरे तर हा शब्द मला अर्थशास्त्राच्या वर्गात भेटला नाही. माझे बालपण गिरगावातील एका चाळीत गेले. ‘आमची चाळ सेसची आहे’ असे घरातील मोठी माणसे सांगत, आणि भाडेपावतीवर त्या नावाची एक छोटी रक्कम असे. मुंबई बेटावरील जुन्या खाजगी इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या दुरुस्तीसाठी व पुनर्रचनेसाठी कायदा केला आणि अशा इमारतींवर उपकर बसविला. आरंभी अशा १९,६४२ इमारती होत्या. आजही मुंबईत त्यांना ‘उपकरप्राप्त इमारती’ हे भारदस्त नाव आहे. बोलताना मात्र सगळे ‘सेस बिल्डिंग’च म्हणतात. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या चाळीचा लाकडी जिना नव्याने बांधला गेला. टेकू निघाले, नव्या फळ्यांचा वास काही दिवस दरवळत राहिला. पहिल्या दिवशी वडील मला घेऊन जिना चढले, कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बघ, हा आपला सेस.”

शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. पण पायाखाली लागला होता. पुढे केंद्र सरकारच्या सेवेत आल्यावर हा शब्द शेकडो फायलींत वाचला, शेकडो टिप्पण्यांत स्वतः लिहिला. तो कोठून आला, याचा शोध मात्र फार उशिरा घेतला.

इंग्रजीतील ‘सेस’ हा ‘असेस’ या शब्दाचा आखूड झालेला अवतार आहे. बोलण्याच्या ओघात शब्दाचा आरंभीचा स्वर गळून पडणे ही भाषेतील नित्याची घटना आहे. तसा येथे ‘अ’ गळाला आणि ‘सेस’ उरला. स्पेलिंगही वास्तविक ‘एस’ने सुरू व्हावयास हवे होते, पण ‘सी’ने सुरू होणारे रूप रूढ झाले आणि त्यामुळे शब्दाचे कुळ झाकले गेले. ‘प्रोसेस’, ‘अ‍ॅक्सेस’ यांच्या शेवटी येणाऱ्या ‘सेस’शी याचे काही नाते नाही, तो चालण्याच्या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूपासून आला आहे. मैलाखड्डा या अर्थाच्या ‘सेसपूल’शीही नाते नाही, जरी करदात्याला तसे वाटण्याचे प्रसंग येत असले तरी.

‘असेस’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘आस्सिदेरे’ हे क्रियापद आहे. ‘आद’ म्हणजे जवळ आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. न्यायाधीशाच्या शेजारी बसून त्याला साहाय्य करणारा तो ‘असेसर’. पुढे मध्ययुगात, शेजारी बसून एखाद्याच्या मालमत्तेचा अंदाज घेणे आणि त्यावर कराची रक्कम ठरविणे, असा अर्थ त्याला चिकटला. मराठी वाचकाला यातील खरी गंमत पुढेच आहे. लॅटिन ‘सेदेरे’ आणि संस्कृत ‘सद्’ हे एकाच मूळ कुळातील धातू आहेत. सदन, सभासद, परिषद, संसद हे आपले शब्द त्या ‘सद्’पासून झालेले आहेत. गुरूच्या जवळ बसणे हा ‘उपनिषद’ या शब्दाचा एक परंपरागत अर्थ आहे. म्हणजे रचनेच्या दृष्टीने ‘उपनिषद’ आणि ‘असेसमेंट’ हे चुलतभाऊ ठरतात! दोहोंतही जवळ बसणे आहे. एकातून ज्ञान मिळते, दुसऱ्यातून मागणीपत्र. आणि आपल्याकडील जिल्हा परिषदांच्या स्व-उत्पन्नाला सर्रास ‘सेस फंड’ म्हणतात, तेव्हा परिषद आणि सेस हे दोन दुरावलेले नातलग एकाच कार्यालयात नांदत असतात.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘असेस’मधून जे गळाले, तो ‘जवळ’ या अर्थाचा उपसर्ग होता. उरले ते नुसते बसणे. या कराचा पुढील चारशे-साडेचारशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातील बहुतेक भांडणे याच हरवलेल्या जवळिकीवरून झालेली दिसतात.

पहिले मोठे भांडण आयर्लंडमधले. सोळाव्या शतकात डब्लिनभोवतीच्या इंग्रज अंमलाखालील मुलुखात राणीच्या सैन्याचा आणि प्रतिनिधीच्या घरखर्चाचा भार तेथील रहिवाशांवर टाकला जाई. धान्य आणि गुरे सरकार स्वतः ठरविलेल्या, बाजाराहून कमी भावाने उचलत असे. सैनिकांना घराघरांतून जेवूखाऊ घालावे लागे. याला ‘सेस’ म्हणत. १५७० च्या दशकात सर हेन्री सिडनी यांच्या कारकिर्दीत या मुलुखातील जमीनदारांनी, जे स्वतः इंग्रज वंशाचे आणि राणीशी एकनिष्ठ होते, याविरुद्ध तक्रार केली. पार्लमेंटची संमती नसताना असा भार टाकता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १५७७ मध्ये त्यांनी तीन वकील लंडनला दरबारात पाठविले. राणी एलिझाबेथने तक्रारीतील काही भाग ऐकून घेतला, पण राजाधिकारालाच प्रश्न विचारल्याबद्दल त्या वकिलांना तुरुंगात टाकले.

हा शब्द खुद्द इंग्लंडमध्ये त्या काळीही फारसा परिचित नव्हता, याचा एक पुरावा कवी एडमंड स्पेन्सर यांच्या लेखनात सापडतो. आयर्लंडमध्ये शासकीय सेवेत असलेल्या स्पेन्सर यांनी त्या देशाच्या स्थितीवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो १६३३ मध्ये छापला गेला. त्यातील एक पात्र, जे इंग्लंडचे आहे, दुसऱ्याला विचारते की हा सेस म्हणजे काय, आमच्याकडे हा शब्द वापरात नाही. झारखंडच्या त्या मुलीचा प्रश्न किती जुना आहे, हे यावरून कळावे.

पुढे आयर्लंडमध्ये या शब्दाला निराळे, काहीसे प्रतिष्ठित रूप आले. प्रत्येक काउंटीतील जमीनदारांची ‘ग्रँड ज्युरी’ रस्ते, पूल, तुरुंग यांच्या खर्चासाठी ‘काउंटी सेस’ बसवू लागली. त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. ज्याला रस्ता हवा असेल त्याने दोन माणसांकडून मोजणी करवून, शपथेवर खर्चाचा अंदाज सादर करावयाचा. ज्युरीने तो मंजूर करावयाचा. काम पूर्ण होऊन हिशेब शपथेवर दिला की पैसे मिळावयाचे. १७७६ पासून आयर्लंडभर हिंडलेल्या आर्थर यंग या शेतीतज्ज्ञाने १७८० च्या आपल्या प्रवासग्रंथात तेथील रस्त्यांची आणि या पद्धतीची प्रशंसा केली आहे. दुसरी बाजू अशी की सेस भरायचा तो प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या कुळाने, आणि रस्ता कोठून जावा हे ठरवायचे जमीनदाराने. तो पुष्कळदा जमीनदाराच्या वाड्याकडेच जाई. १८९८ च्या स्थानिक शासन कायद्याने ग्रँड ज्युरींचे हे अधिकार निवडून आलेल्या मंडळांकडे गेले.

आयरिश माणसाच्या तोंडी ‘बॅड सेस टु यू’ अशी एक शिवी आहे. आपल्याकडील ‘तुझे तळपट होवो’ची ती बहीण. काही जण तिचा संबंध ‘सक्सेस’शी जोडतात, काही जण या कराशी. कोशकारांचा निर्णय काहीही असो, ज्या समाजाने कराच्या नावाने शाप दिला असण्याची शक्यता कोशकारांनाही वाटते, त्या समाजाचा अनुभव काय असेल, याचा विचार करप्रशासनात काम करणाऱ्यांनी करावा.

स्कॉटलंडमध्ये हा शब्द जमिनीवरील करासाठी वापरला जाई. तेथे १६७८ मध्ये मोठा पेच उभा राहिला. राजमान्य चर्चला न मानणारे लोक उघड्या माळावर प्रार्थनासभा भरवीत. त्या मोडून काढण्यासाठी सैन्य उभारायचे म्हणून त्या वर्षी सेस मंजूर झाला. ज्यांना मारण्यासाठी सैन्य, त्यांच्याकडूनच त्याचा खर्च! त्यांतील अनेकांनी तो भरणे हे पाप आहे, अशी भूमिका घेतली. काहींनी निषेध नोंदवून भरला. आणि यावरून त्यांच्यात आपापसांतही फूट पडली. कराचा हेतू जाहीर केला की तो हेतू तपासण्याचा हक्क करदात्याला आपोआप मिळतो, हे येथे प्रथम इतके स्पष्ट दिसते. नाव सांगून पैसा घेणे ही शासनाची सोय असते, तसे ते शासनावरील बंधनही असते.

आता हिंदुस्थानाकडे येऊ. येथे मूळ करावर चढविलेल्या जादा वसुलीची परंपरा इंग्रजांच्या आधीपासून होती. बंगालमध्ये तिला ‘अबवाब’ म्हणत. ‘बाब’ म्हणजे अरबीत दार, आणि त्यावरून प्रकरण किंवा नोंद. ‘अबवाब’ हे त्याचे अनेकवचन. आपल्या मराठीतील ‘बाब’ ती हीच. शाहू महाराजांच्या काळातील चौथाईच्या वाटणीत छत्रपतींच्या पंचवीस टक्के हिश्श्याला ‘राजबाबती’ म्हणत, त्यातही हीच ‘बाब’ आहे. कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ‘अबवाब’साठी जो इंग्रजी शब्द वापरला, तो ‘सेस’. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने जमीनदारांनी रयतेकडून नवे अबवाब घेण्यास मनाई केली. तरी ते चालूच राहिले.

त्याच कायमधाऱ्याने जमीनदारांना शब्द दिला होता की तुमच्यावरील सरकारी सारा कधीही वाढणार नाही. १८५७ नंतर तिजोरी रिकामी झाली. रस्ते आणि प्राथमिक शाळा यांना पैसा हवा होता. बंगालच्या जमिनीवर सेस बसवावा, तर तो दिलेल्या शब्दाचा भंग ठरतो काय, हा वाद पेटला. कलकत्त्याच्या ब्रिटिश इंडियन असोसिएशनने कडाडून विरोध केला. निर्णय लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडे गेला. तेव्हा भारतमंत्री होते ड्यूक ऑफ अर्गाइल, म्हणजे स्कॉटलंडचे. आणि व्हाइसरॉय होते लॉर्ड मेयो, म्हणजे आयर्लंडचे. ज्या दोन देशांत हा शब्द वाढला, त्या दोन देशांची माणसे त्याचे हिंदुस्थानातील भवितव्य ठरवीत होती. हा योगायोगच म्हणावयाचा.

अर्गाइल यांनी १२ मे १८७० च्या खलित्यात निर्णय दिला. त्यांच्या कौन्सिलमधील अनेकांचे मत विरुद्ध असताही त्यांनी म्हटले की स्थानिक कामासाठीचा सेस हा साऱ्याहून वेगळा आहे, म्हणून वचनभंग होत नाही. मात्र या युक्तिवादाला त्यांनी एक अट जोडली. ज्यांच्याकडून पैसा घ्यावयाचा त्यांना त्याचा लाभ आपल्या परिसरात, डोळ्यांना दिसेल असा मिळाला पाहिजे. म्हणून रस्त्यांपासून आरंभ करणे त्यांना इष्ट वाटले. १८७१ मध्ये बंगालचा रस्ता-सेस कायदा झाला. माझ्या मते सेसच्या समर्थनार्थ आजवर झालेल्या युक्तिवादांत हा सर्वांत प्रामाणिक आहे. कारण त्यात कर घेण्याचा हक्क आणि तो दिसण्याची जबाबदारी एकाच वाक्यात येतात.

मुंबई इलाख्यात हे आधीच सुरू झाले होते. १८६३ पासून जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा, असा ‘लोकल फंड’ घेतला जाऊ लागला आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्याचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी होती. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील कित्येक जुन्या शाळांच्या मुळाशी शेतकऱ्याचा हा आणा आहे. तरीही १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांची मुख्य तक्रार हीच होती की सरकारी महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हा प्रश्न इतक्या थेटपणे त्याआधी क्वचितच विचारला गेला असेल.

विसाव्या शतकात सेसला आणखी एक चांगले रूप मिळाले. चहाच्या मळेवाल्यांनी स्वतः मागणी केल्यावरून १९०३ मध्ये चहा-सेसचा कायदा झाला. पैसा चहाच्या प्रसाराला गेला. आज घरोघरी सकाळी आधण चढते, त्यामागे या सेसचा काही वाटा निश्चित आहे. १९२३ च्या कापूस-सेस कायद्यातून मध्यवर्ती कापूस समितीला निधी मिळाला. मुंबईत माटुंग्याची प्रयोगशाळा आणि इंदूरची वनस्पती संशोधन संस्था तिच्या पाठबळावर उभी राहिली. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या समितीच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला, आणि वाढीव दोन आणे रस्त्यांसाठीच्या स्वतंत्र निधीत जमा होऊ लागले. जो वाहन चालवितो त्याने रस्त्यासाठी द्यावे, इतके ते सरळ होते.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. देणारा ठाऊक, काम ठाऊक, हिशेब ठेवणारी समिती ठाऊक.

अर्थशास्त्रात या विषयावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की पैशाला नावे चिकटवू नयेत. सर्व उत्पन्न एकत्र करून दरवर्षी निकडीप्रमाणे वाटावे, अन्यथा एका खात्यात पैसा पडून राहतो आणि दुसऱ्यात टंचाई होते. दुसऱ्या पक्षाची परंपरा स्वीडनच्या क्नुट विकसेल यांच्या १८९६ च्या विवेचनापर्यंत मागे जाते; १९६३ मध्ये जेम्स ब्यूकॅनन यांनी ती पुढे नेली. त्यांचे म्हणणे, खर्च आणि त्यासाठीचा कर एकत्र समोर ठेवले, तरच नागरिकाला खरा कौल देता येतो. एम.ए.ला असताना मी पहिल्या पक्षाचा होतो. आज मला वाटते की दोन्ही पक्ष आपापल्या जागी योग्य आहेत. अयोग्य आहे ती तिसरी रीत, ज्यात नाव दुसऱ्या पक्षाचे लावायचे आणि व्यवहार पहिल्या पक्षाचा करायचा.

आपल्या राज्यघटनेत ‘सेस’ हा शब्द आहे, व्याख्या नाही. त्यामुळे न्यायालयांना तो वेळोवेळी उलगडावा लागला. १९६७ च्या एका निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्याचा आयरिश वारसा सांगितला आणि विशिष्ट प्रशासकीय खर्चासाठी घेतलेला तो करच होय, असे म्हटले. या लहान शब्दाने न्यायालयातही केवढा घोळ घातला, याचे उदाहरण खनिजांच्या खटल्यांत आहे. तमिळनाडूत पंचायत कायद्याखाली जमीन महसुलाच्या रुपयामागे ४५ पैसे स्थानिक सेस होता आणि त्या महसुलात खनिजाची रॉयल्टीही धरली जाई. १९८९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो घटनाबाह्य ठरविला, आणि त्या निकालात ‘रॉयल्टी हा कर आहे’ असे विधान आले. २००४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठातील बहुमताने सांगितले की ती छपाईची चूक असावी. ‘रॉयल्टीवरील सेस हा कर आहे’ असे तेथे अभिप्रेत होते. एक शब्द गळाला की नाही, यावर खनिजसंपन्न राज्यांचे उत्पन्न अनेक वर्षे लोंबकळत राहिले. अखेर २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने १९८९ चा निकाल मोडीत काढला. रॉयल्टी हा कर नव्हे, आणि खनिजयुक्त जमिनीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे ठरले.

तथापि सर्वसामान्य नागरिकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना २००० सालची आहे. दहाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून ऐंशिवी घटनादुरुस्ती झाली आणि केंद्राच्या जवळजवळ सर्व करांत राज्यांना वाटा मिळू लागला. सुधारणा स्वागतार्हच होती. परंतु अनुच्छेद २७० मध्ये दोन गोष्टी वाटपातून वगळल्या गेल्या: अधिभार आणि विशिष्ट हेतूसाठीचे उपकर. तर्क बरोबर होता; ठरावीक कामासाठी घेतलेला पैसा वाटून टाकला तर काम कसे होणार? पण त्यामुळे केंद्राच्या दृष्टीने शंभर रुपये कर आणि शंभर रुपये सेस यांत फरक पडू लागला. २०११-१२ मध्ये केंद्राच्या ढोबळ करउत्पन्नात उपकर आणि अधिभार मिळून सुमारे दहावा हिस्सा होता. २०२०-२१ मध्ये तो सुमारे पाचवा झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचे शुल्क ३२ रुपये ९० पैसे होते. त्यांपैकी राज्यांशी वाटला जाणारा मूळ उत्पादन शुल्काचा भाग होता अवघा १ रुपया ४० पैसे.

हेतूचे काय झाले? २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर आला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी ‘प्रारंभिक शिक्षा कोष’ झाला. हे योग्यच झाले. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का आला. त्याच्या कोषाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. मधली दहा वर्षे पगारदार माणसाच्या प्रमाणपत्रावर त्या उपकराची ओळ छापली जात होती. १९८६ च्या कायद्याने आयात तंत्रज्ञानावर घेतलेल्या संशोधन-विकास उपकराचा दहावा हिस्साही नियत मंडळापर्यंत पोहोचला नाही, असे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले आहे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केंद्र हा पैसा घरी नेत नाही. त्यातील पुष्कळ भाग शाळा, रस्ते, आरोग्य यांच्या योजनांतून राज्यांतच खर्च होतो. २०१६ च्या अर्थसंकल्पात किरकोळ उत्पन्नाचे तेरा उपकर रद्द झाले. वस्तू व सेवा करासोबत २०१७ मध्ये आलेला भरपाई उपकर तर राज्यांसाठीच होता. हिशेब मोजता येत होता, मुदत ठरलेली होती. कोविडकाळातील कर्जामुळे ती वाढली, तरी सप्टेंबर २०२५ मध्ये तंबाखू व पानमसाला यांसारख्या वस्तू सोडून तो इतर वस्तूंवरून उठविला गेला. सेस संपूही शकतो, हे यावरून दिसते.

आता थोडे स्वतःविषयी. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका कार्यालयाच्या वित्त शाखेत होतो. एका उपकराबाबत विचारणा आली: आजवर जमा किती, आणि नेमलेल्या कामाकडे गेले किती? मी उत्तराचा मसुदा केला. अनुच्छेद २६६ नुसार सर्व महसूल संचित निधीत जमा होतो. विनियोजन कायद्याशिवाय त्यातून पैसा निघत नाही. सबब जमा आणि खर्च यांची थेट सांगड घालता येत नाही. शब्दन् शब्द बरोबर होता. निवृत्तीला आलेल्या कक्ष अधिकाऱ्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, उत्तर अचूक आहे. पण त्यांनी विचारले होते ते हे नव्हे.” मी हसलो आणि सही केली. फाईल पुढे गेली, पुन्हा कधी परत आली नाही. आकडे काढता आले असते. आठवडाभराचे काम होते. ते मी केले नाही, कारण नियमाने मला तशी मोकळीक दिली होती. प्रशिक्षणवर्गात त्या मुलीने दुसरा प्रश्न विचारला, तेव्हा मला तीच सही आठवली.

सेसविषयी माझे म्हणणे फार मोठे नाही. ज्या वर्षी उपकर सुरू होईल त्याच वर्षी त्याचा कोष असावा. दर अर्थसंकल्पात प्रत्येक उपकरापुढे तीन आकडे एका ओळीत असावेत: जमा किती, कोषात किती, खर्च किती. प्रत्येक उपकराला मुदत असावी आणि मुदतवाढ मागताना आधीचा हिशेब द्यावा. घटनादुरुस्तीची गरज नाही. एक तक्ता पुरेल. अर्गाइल यांनी दीडशे वर्षांपूर्वी घातलेली अट याहून वेगळी नव्हती.

शासकीय परिभाषेने सेससाठी ‘उपकर’ हा शब्द योजला. योजणाऱ्यांच्या मनात ‘उप’चा अर्थ गौण, जोडीचा, एवढाच असावा. पण संस्कृतात ‘उप’चा मूळ अर्थ जवळ असाही आहे. इंग्रजी शब्दातून गळालेली जवळीक आपल्या शब्दाने नकळत परत आणली आहे. ती व्यवहारातही परत यावी. एक काना अधिक पडला तर ‘उपकर’चा ‘उपकार’ होतो. दिल्याघेतल्याचा हिशेब न देणारा उपकर करदात्याला तसाच, आपणच कोणावर तरी केल्यासारखा वाटू लागतो.

गिरगावातील ती चाळ आता नाही. त्या जागी उंच इमारत उभी आहे. वडीलही राहिले नाहीत. करावरील पुस्तके त्यांनी वाचलेली नव्हती, पण कठड्यावर हात ठेवून त्यांनी केलेली सेसची व्याख्या मला अजून मान्य आहे. झारखंडच्या त्या मुलीची पुन्हा भेट झाली, तर तिला सांगेन: काम झाले की नाही हे पाहणे हे तुझेच काम आहे, आणि कोणी विचारलेच, तर त्याने विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर दे.